कडक शॉकअपचा उलटा हिशेब

श्रावण लागला की पेण, माणगाव, अलिबागच्या गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. गणपतीला गावी जायचे असते आणि गेल्या वर्षीचे दणके कंबर अजून विसरलेली नसते. बहुतेकांची मागणी एकच : शॉकअप बदला, आणि जरा कडक, हेवी ड्यूटी टाका. त्यामागचा तर्क सरळ वाटतो. रस्ता आडदांड, तर त्याच्याशी दोन हात करणारा भागही आडदांड हवा. काउंटरवरचा माणूस हा तर्क खोडायला जात नाही; कडक म्हणजे मजबूत हा समज दुकानदारीला सोयीचाच आहे. पण हा हिशेब उलटा आहे, असे माझे म्हणणे. रायगडच्या किनारपट्टीवर गाडी चालवणाऱ्याला खरोखर आराम हवा असेल, तर त्याने कारखान्यातून गाडी आली तेव्हा होते तेवढ्याच ताकदीचे शॉकअप घ्यावेत, जोडीने घ्यावेत, आणि काटकसर करायचीच तर ती दुसरीकडे करावी. सोबतच्या माउंटिंगवर आणि रबरांवर नव्हे.

आधी एक घोळ निस्तरू. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. चाक खड्ड्यात गेले की दणका आधी टायर झेलतो, मग स्प्रिंग. पण स्प्रिंगला घेतलेले परत करायची खोड असते. दबली की ती उसळते, उसळली की पुन्हा दबते, आणि तिला एकटी सोडली तर गाडी भरतीच्या पाण्यातल्या होडीसारखी डुलत राहते. ही उसळी आवरणे हे शॉकअपचे काम. आत तेलाने भरलेली नळी असते, नळीत बारीक भोकांचा आणि पातळ चकत्यांच्या झडपांचा दट्ट्या. तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, विरोध होतो, आणि उसळीची ताकद तेल तापवण्यात खर्ची पडते. दट्ट्या सावकाश हलला तर विरोध थोडा, झटक्यात हलला तर जास्त. शिवाय बहुतेक मोटारींत दबताना विरोध कमी आणि वर येताना त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो. म्हणजे उंचवट्यावर चाकाला चटकन वर जाऊ द्यायचे, आणि दबलेल्या स्प्रिंगला मात्र सावकाश सोडायचे. बाहेरून काळ्या रंगाची एक नळकांडी दिसते. पण आराम ठरतो तो आतल्या या तोलावर, आणि तो नळकांडीच्या जाडीवरून किंवा रंगावरून कळत नाही.

स्ट्रट म्हणजे हाच शॉकअप, पण त्याच्यावर आणखी दोन कामे सोपवलेली. स्प्रिंगची बैठक त्याच्यावरच असते आणि चाकाला उभे धरणारा खांबही तोच. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये छोट्या शेव्हरलेसाठी ही रचना आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५०च्या सुमारास ही रचना तिथल्या गाड्यांतून रस्त्यावर उतरली. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली १९८३ च्या मारुती ८०० ने. आज अलिबागच्या एसटी स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे मॅकफर्सनचाच खांब आहे. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या किंवा पद्मिनीच्या शॉकअपचे तेल गेले तर गाडी डुलायची, एवढेच. स्ट्रट ढिला पडला तर स्टिअरिंग भरकटते, टायर एका बाजूने झिजतो आणि ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक जमिनीकडे जाते. त्यामुळे इथली चुकीची निवड केवळ कंबरेवर निभावत नाही.

आता मूळ मुद्दा : कडक का नको? मोटारीला स्प्रिंगवर स्वतःची एक लय असते. साधारण सेकंदाला एक ते दीड हेलकावा. रस्त्याकडून येणारे धक्के या लयीच्या आसपास असतील, तर शॉकअपचा विरोध जितका जास्त तितके बरे, कारण हेलकावा वाढण्याआधीच मोडला जातो. पण धक्के या लयीच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद झाले की चित्र पालटते. तिथे विरोध वाढवला की धक्का कमी होत नाही, उलट जास्तच आत पोचतो. ताठर शॉकअप त्या क्षणी लोखंडी दांड्यासारखा वागतो; चाकाला बसलेले तसेच्या तसे आसनाला देतो. हे कोणा एकाचे मत नाही, कंपनांचे गणित शिकवणाऱ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रकरणांत ते सापडेल.

हे गणित आपल्या रस्त्याला लावून पाहावे. पेण ते पोयनाड हा खारजमिनीचा, मऊ मातीचा पट्टा. पुलाला टेकलेला भराव बसतो, डांबराला दहा-पंधरा मीटर लांबीचे खोलगे पडतात. ताशी ६० किमी वेगाने अशा खोलग्यांवरून जाताना गाडीला सेकंदाला एक-दीड धक्का बसतो, नेमका तिच्या लयीचा. इथे थकलेला शॉकअप उघडा पडतो. मागे बसलेल्यांना उलटी होते ती अशा जागी. दुसरा नमुना काँक्रीटचा. महामार्गाच्या काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे. आता योगायोग पाहा : बसलेल्या माणसाला उभ्या दिशेची जी कंपने सर्वांत असह्य होतात, ती सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातली असतात. माणसाला बसणाऱ्या हादऱ्यांच्या मोजणीची आयएसओ २६३१ ही मानके याच पायावर उभी आहेत. सांध्यांची कड जराशी वरखाली झालेली असली, की ज्या तालावर शरीर सर्वांत हळवे त्याच तालावर रस्ता ठोकत राहतो. हा ताल गाडीच्या स्वतःच्या लयीच्या तिप्पट-चौपट जलद, म्हणजे कडक शॉकअप जिथे नुकसान करतो त्याच टप्प्यात बसणारा. खड्ड्यांत भरलेले पेव्हर ब्लॉक, अर्ध्यावर संपणाऱ्या काँक्रीटची कड, डायव्हर्जनची खडी यांचे धक्के तर याहून जलद. ज्या रस्त्यासाठी म्हणून कडक शॉकअप घेतले जातात, त्या रस्त्यावरचे बहुतेक धक्के या जलद जातीचे आहेत. हेच उलट्या हिशेबाचे मूळ.

मग अगदी मऊ घ्यावेत का? तेही नाही. चाकाची आणि धुर्‍याची स्वतःची थरथर सेकंदाला दहा-पंधरा वेळा होते. ती आवरली नाही तर टायर रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचतो आणि ओल्या डांबरावर पकड सोडतो. टायरच्या कडेवरून हात फिरवला तर ठिकठिकाणी खळगे लागतात ते याच नाचाचे. म्हणून गाडी घडवणारे मधला मार्ग काढतात : एका झटक्यात उसळी बंद करायला जेवढा विरोध लागेल, त्याच्या पाव ते एक तृतीयांशाच्या आसपास. त्या गाडीच्या वजनाला आणि स्प्रिंगला बेतूनच हा आकडा ठरवलेला असतो. स्प्रिंग तीच ठेवून शॉकअप तेवढा कडक करणे म्हणजे ठरलेल्या आमटीत एकट्याने मूठभर मीठ टाकणे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : कंपनीने गाडी चांगल्या रस्त्यासाठी बनवली, नागोठणे-कोलाडसाठी नव्हे. आयात केलेल्या महागड्या गाड्यांपुरते यात तथ्य असेल. पण इथे विकल्या जाणाऱ्या रोजच्या गाड्या इथल्या रस्त्यांना बेतलेल्या असतात. परदेशी बहिणीपेक्षा त्यांची जमिनीपासूनची उंची जास्त असते आणि शॉकअपच्या झडपाही वेगळ्या बसवलेल्या असतात. त्याहून महत्त्वाचे, वाईट रस्ता म्हणजे काय हे मोजतात तरी कसे ते पाहावे. जागतिक बँकेने १९८०च्या दशकात रूढ केलेला खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक एका काल्पनिक प्रमाण-गाडीवर आधारलेला आहे. तिचे एक चाक ताशी ८० किमी वेगाने त्या रस्त्यावरून गेले, तर दर किलोमीटरला सस्पेन्शन एकूण किती मीटर हलेल, तो आकडा म्हणजे त्या रस्त्याचा खडबडीतपणा. आपल्याकडचे बंप इंटिग्रेटर नावाचे ओढगाडे ताशी ३२ किमीला ओढून जवळपास हेच मोजते. म्हणजे वाईट रस्ता याचा अर्थच मुळी असा, की तिथे सस्पेन्शनला जास्त हलावे लागते. आणि कडक शॉकअपवाला म्हणतो, हलूच द्यायचे नाही. मग हलायचे कोणी? आत बसलेल्यांनी.

दुसरा आक्षेप भरलेल्या गाडीचा, आणि तो कोकणात खोटा नाही. जाताना पाच माणसे आणि सामान, येताना तांदळाची गोणी, नारळ, हंगामात आंब्याच्या पेट्या. गाडी मागून बसते, गतिरोधकावर पोट घासते, आणि मालक म्हणतो शॉकअप गेले. वजन पेलणारी स्प्रिंग बसलेली असेल तर शॉकअप कितीही कडक टाकला तरी गाडी बोटभरही उचलली जात नाही. फक्त बसलेली गाडी आता आपटतेही. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने अंतर मोजावे, डावे-उजवे ताडून पाहावे. फरक असेल किंवा उंची घटली असेल, तर स्प्रिंग बदलावी. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर खुपसण्याची युक्ती हल्ली जोरात आहे. तिने उंची मिळते खरी, पण त्या जागचे वेढे कामातून जातात, उरलेल्यांवर ताण वाढतो, आणि रिकाम्या गाडीत प्रत्येक सांधा कळतो. वर्षातले दहा दिवस भरलेल्या गाडीसाठी उरलेले साडेतीनशे दिवस सोसण्याचा हा सौदा आहे. रोज माणसे कोंबून जाणाऱ्या ईकोवाल्याने किंवा बर्फाच्या लाद्या वाहणाऱ्या टेम्पोवाल्याने जास्त वजनाची स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप दोन्ही घेतले, तर तो त्याच्या कामाला धरून आहे. त्याचे अनुकरण मुरूडला महिन्यातून एकदा जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाने करायचे कारण नाही.

गॅसच्या शॉकअपबद्दलही बरेच गैरसमज आहेत. गॅसचे म्हणजे तेलाऐवजी गॅस, किंवा गॅसचे म्हणजे कडक, असे दोन्ही समज चुकीचे. तेल असतेच, त्याच्यावर थोड्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. सलग खड्ड्यांतून दट्ट्या तासभर धडधडला की तेलाला फेस येतो, आणि फेसाळलेले तेल भोकांतून जाताना विरोध करत नाही. नायट्रोजनच्या दाबाखाली फेस कमी धरतो, एवढाच त्याचा लाभ. आपल्या रस्त्यांवर तो खरा लाभ आहे आणि आता अनेक गाड्यांना कारखान्यातूनच असे शॉकअप येतात. गाडीला मुळात गॅसचे असतील तर साधे घेऊन पैसे वाचवू नयेत. जास्त दाबाच्या, एकेरी नळीच्या जातीचे स्पर्धेच्या गाड्यांत कौतुक आहे. पण कार्लेखिंडीच्या वळणांवर कोणाला घड्याळ लावून शर्यत लावायची आहे?

किनाऱ्याची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे, आणि ती निवडीत सहसा कोणी धरत नाही. काढलेला स्ट्रट गॅरेजच्या बाकावर आडवा ठेवलेला असतो तेव्हा तो निरखून पाहावा. मधला दांडा आरशासारखा चकचकीत हवा; त्यावर कठीण क्रोमचा थर असतो. साळाव, काशीद, मुरूडच्या बाजूला फिरलेल्या गाडीच्या दांड्यावर पुष्कळदा टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसतात. खाऱ्या हवेने क्रोमखालचे पोलाद खाल्लेले असते. दांडा दर हेलकाव्याला एका रबरी सीलमधून आत-बाहेर करतो, आणि तो ठिपका सीलला दर वेळी कानशीसारखा घासतो. सील फाटते, तेल पाझरते, तेलावर धूळ बसून नळीला काळपट लेप चढतो. वरचे फेसाळ प्लास्टिकचे बंप स्टॉपर हातात घेतले तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तुटून पडते. आणि दांड्यावरचे सुरवंटाच्या अंगासारखे धूळरोधक आवरण, ते तर पुष्कळदा जागेवरच नसते. असले तर फाटून त्याच्या घडीत पुळणीतली वाळू साठलेली असते. हौशी लोक पुळणीवर गाड्या घालतात, कधी भरतीत अडकवतातही, त्या सहलीचे बिल असे दोन पावसाळ्यांनी येते.

म्हणून इथे निवड नुसत्या नळकांडीची नसते. नवा स्ट्रट घालताना जुने आवरण आणि चुरा झालेले बंप स्टॉपर परत बसवले, तर नव्या दांड्यावर पहिल्या आठवड्यापासून वाळू चढते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळते. वरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग जुनेच ठेवले, तर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग कुरकुरत राहते. दोन्ही बाजूंचे स्ट्रट एकदम बदलावे लागतात, कारण एक ताजा आणि एक थकलेला अशा जोडीने ब्रेकवर गाडी एका अंगाला कलते. बोल्ट उघडले की चाकाचा कलही बदलतो, तेव्हा अलाइनमेंट आलेच. हे सगळे धरून खर्च काढावा आणि मग कंपनीचा भाग घ्यावा की बाहेरचा ते ठरवावे.

इथे पैशांचा आक्षेप येतो, आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. शोरूममधली किंमत अनेकांना परवडत नाही. पण मूळ ताकदीचा म्हणजे शोरूमचाच, असे मुळीच नाही. गाडी कंपन्या स्वतः शॉकअप बनवत नाहीत, त्या ते बाहेरच्या पुरवठादारांकडून घेतात. १९६१ साली सुरू झालेली आणि आज पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेली गॅब्रिएल ही त्यांतली आपल्याकडची सर्वांत ओळखीची. अशा पुरवठादारांचे शॉकअप त्यांच्या स्वतःच्या खोक्यात बाजारातही मिळतात. त्यावर आपल्या गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिनाचा प्रकार नेमका छापलेला आहे का ते पाहावे. डिझेल इंजिन जड, म्हणून एकाच गाडीच्या डिझेल आणि पेट्रोल प्रकारांना पुढचे स्ट्रट वेगळे असू शकतात. 'सगळ्यांना चालतो' असे सांगून दिलेला भाग कोणालाच नीट चालत नाही. पक्के बिल घेण्याचे निमित्तही आता वाढले आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी कित्येक भागांवर तो २८ होता. बिल नसेल तर वॉरंटी तोंडी, आणि तोंडी वॉरंटी वडखळ नाका ओलांडेपर्यंतच टिकते.

सर्वांत धारदार आक्षेप नागरिकाचा आहे. रस्ता सरकारने नीट करायचा. आम्ही शॉकअप कोणते घ्यावेत याची चिकित्सा का करत बसावे? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. तेव्हा पहिलीत गेलेली मुले महाविद्यालयात पोचली आणि दरम्यान या महामार्गासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. हा राग रास्त आहे आणि चांगल्या शॉकअपने तो विझू नये. तीच गोष्ट गतिरोधकांची. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली ताशी २५ किमीसाठी सांगितलेला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. किनाऱ्याकडच्या गावांतून रातोरात उगवणारे हातभर रुंदीचे उंचवटे त्या मापात कुठे बसतात, ते ज्याच्या त्याच्या चेसिसला माहीत. पण रस्ता आणि शॉकअप यांचे नाते एकतर्फी नाही. ओईसीडीने १९९०च्या दशकात केलेल्या 'डिव्हाइन' या संशोधनात अवजड वाहनांचे सस्पेन्शन आणि रस्त्याची झीज यांचा संबंध तपासला होता. शॉकअप थकलेले असले की चांगल्यातले चांगले सस्पेन्शनही रस्त्याला जड जाते, हे त्यातून पुढे आले. म्हणजे वडखळच्या वळणावर पोलाद भरून चाललेल्या ट्रेलरचे निकामी शॉकअप उद्याचा खड्डा खणत असतात. फिटनेस तपासणीत या भागाकडे डोळे उघडे ठेवून पाहा, अशी मागणी रस्त्याच्या मागणीला जोडूनच करायला हवी. आणि काँक्रीट पुरे झाल्यावर तरी काय? सांध्यांची टकटक राहणारच, आणि कडक शॉकअप टाकलेल्याला ती सर्वांत जास्त ऐकू येणार.

एवढे करूनही कित्येकदा शॉकअप बदलायची गरजच नसते. मोठ्या रिमचा शौक म्हणून टायरची भिंत आखूड केलेली असते. धक्का झेलणारी पहिली गादीच पातळ, आणि दोष स्ट्रटच्या माथी. हवा तर बहुतेक जण 'चाळीस मार' म्हणून भरून घेतात. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा वाचून हवा भरायला पैसे पडत नाहीत; आधी ते करून पाहावे. आवाजाचेही तसेच. छोट्या खड्ड्यांत पुढून खडखड येते, मालक दोन्ही स्ट्रट बदलून घेतो, आणि चौल ओलांडून रेवदंडा यायच्या आत खडखड पुन्हा सुरू. आवाज लिंक रॉडच्या सैल झालेल्या सांध्याचा असतो किंवा लोअर आर्मच्या बुशचा, आणि या दोन्हींची किंमत स्ट्रटच्या जोडीपुढे किरकोळ. म्हणून मिस्त्रीला काढलेला भाग परत मागावा. दांडा कोरडा आणि चकचकीत असेल, उभा धरून दाबल्यावर सावकाश जाऊन त्याहून सावकाश वर येत असेल, तर तो मोडीत टाकण्याआधी एकदा गाडीखाली वाकून लिंक रॉड हलवून पाहायला सांगावे.